तीन बोटांची पोकळी

१

बाबागाडी रिकामी होती, म्हणूनच ही गोष्ट सांगण्याजोगी राहिली.

नव्या प्रसूतिगृहाच्या दारावर, दुसऱ्या मजल्याच्या उंचीला, दोन मोठ्या कोरीव शिळा शेजारी शेजारी बसवल्या होत्या. डावीकडच्या शिळेवर रांगत निघालेलं बाळ, उजवीकडच्या शिळेवर त्याच्यासाठी हात पुढे केलेली आई. येणाऱ्या-जाणाऱ्या बायका पोटावर हात ठेवून त्यांच्याकडे मान वर करून बघत. काल भर दुपारी, वारा नाही, हादरा नाही, जवळपास कुणी माणूस नाही, आणि बाळाची शिळा भिंतीवरून सुटली. खाली एका बाईने गाडीतलं मूल रडतंय म्हणून नुकतंच खांद्यावर घेतलं होतं. मागून आवाज आला. तिने वळून पाहिलं, तर गाडीच्या जागी दगडाचा ढीग आणि गरगर फिरणारं एक चाक.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकटकबाईला बोलावणं आलं.

हे नाव अर्थातच तिच्या तोंडावर कुणी घेत नसे. इमारतींच्या दर्शनी भिंतींना लावलेले दगड तपासणं हे तिचं काम. लाकडी हातोडी काढायची, दगडावर टकटक करायची आणि मान कलती करून ऐकायचं, डॉक्टर पाठीला नळी लावून ऐकतात तसं. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली त्याला फार दिवस झाले नव्हते.

त्या सकाळी मात्र तिचे कान घरीच राहिले होते. निघताना तिने छोटीला नणंदेच्या हातात दिलं. पोरीने आईकडे वळूनही पाहिलं नाही. आत्याच्या गळ्यातली माळ मुठीत धरली, गाल गालाला लावला आणि विषय संपला.

"रडली नाही बघ," वन्सं म्हणाल्या. त्यांना ते चांगलंच वाटलं होतं.

"हो ना," ती म्हणाली, आणि दार लावून घेताना तिला वाटलं, थोडी रडली असती तर काय बिघडलं असतं.

रुग्णालयाच्या दालनात शिळेचे तुकडे ताडपत्रीवर मांडले होते. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक तुकडा जुळवत गेली. डोकं, पाठ, दुमडलेला पाय, पुढे टाकलेला गुबगुबीत पंजा. मन घट्ट करायला लागलं. दगडच तो, पण कोरणाऱ्याने मनगटावरची वळीसुद्धा सोडली नव्हती. शेवटी सगळं जुळलं, फक्त उजव्या काठाला वरच्या बाजूला एक खिंडार उरलं, ताटाएवढं.

"हा तुकडा कुठाय?"

पहारेकऱ्याने खांदे उडवले. "होतं तेवढं सगळं आणलं. झाडूनसुद्धा घेतलं."

ताटाएवढा दगड केरात जात नाही. तो कुणीतरी उचलला होता.

२

"ज्याने बसवला त्यालाच धरा," कंत्राटदार म्हणाला. हा गृहस्थ दारातून आत यायचा तेव्हा आधी त्याचं पोट यायचं. "आज संध्याकाळी विश्वस्तांची बैठक आहे, मॅडम. बसवण्याची पद्धतच चुकीची असेल तर सगळी भिंत उतरवायची आणि दगड बसवणाऱ्या पिन्यावर पोलिसात तक्रार, असं ठरलंय. तुमचा शब्द हवा फक्त."

"तुम्ही त्याला पिना कुठल्या दिल्या होत्या?"

"स्टेनलेस स्टीलच्या. लावा लोहचुंबक."

तिने मघाशीच लावला होता. चुंबक पिनेवर टिकला नव्हता, गंजाचा ठिपकाही कुठे नव्हता. स्वस्तातली पिन हा संशय तिथेच संपला. माणूस बोलायला कडू होता, पण पिनेत खोट नव्हती.

मागच्या अंगणात मामा भेटला. जुना मिस्त्री, सगळ्या कामगारांचा मामा आणि पिन्याचा तर सख्खा. या इमारतीचं दगडकाम आधी त्याच्याकडे यायचं होतं. मग कंत्राटदाराने नवी पद्धत हवी म्हणून ते भाच्याला दिलं आणि मामाच्या वाट्याला न्हाणीघरातल्या फरशा आल्या.

"माझी पद्धत सोपी, बाई," मामा म्हणाला. "दगड उभा करायचा, मागे सिमेंटचा माल ओतायचा. थोडा थोडा, खालून वर. दगड भिंतीला मिठी मारून बसतो. आणि ह्याचं बघा. दगड भिंतीला शिवतसुद्धा नाही. भिंतीला लोखंडी कान ठोकायचे, त्याला सुया लावायच्या, दगडाच्या काठाला भोकं पाडून त्या सुयांवर लटकवायचा. मागे सगळी हवा. कपडे वाळत घालतात तसे दगड वाळत घातलेत."

"मालात बसवलेल्या दगडांनासुद्धा डाग पडतात, मामा. पाणी मुरतं, फुगवटा येतो."

"येतो. पण माणूस मरायच्या आत सांगून येतो."

बोलत बोलत दोघं पुढच्या भिंतीपाशी आली, आणि तिने हातोडीने जवळच्या दगडावर टकटक केली. टण, टण. पोकळ, स्वच्छ आवाज. मामाच्या कामात असा आवाज म्हणजे रोग, पिन्याच्या कामात तोच आवाज म्हणजे ठणठणीत तब्येत. ती दगडामागून दगड वाजवत गेली. सगळे खणखणीत बोलले.

"मागे किती जागा आहे ते दाखवतो या तुम्हाला," मामा चेव येऊन म्हणाला. भिंत जिथे संपत होती तिथे दगडामागची फट उघडी दिसत होती, जेमतेम तीन बोटं रुंद. मामाने तिथे हात खुपसला. बोटांची पेरं आत गेली आणि हात अडकला. आयुष्यभर चुना आणि सिमेंट कालवून त्याचे पंजे पावासारखे फुगले होते. काढताना कातडी सोलली तेव्हा त्याने दगडालाच शिवी हासडली.

"भाच्यावर राग आहे तुमचा," ती म्हणाली.

"आहे की. माझ्या ताटातलं उचललं त्याने. त्याची भिंत बघायला लागू नये म्हणून मी वर्षभर मागच्या दाराने येतो." हातावर फुंकर घालत मामा थांबला. "पण पाडायचाच असता तर कंत्राटदार खाली उभा असताना नसता का पाडला?"

३

पिन्या गच्चीच्या जिन्यात एकटाच बसला होता. सडपातळ, लांब बोटांचा तरुण. पायाशी हत्यारांची पिशवी. तिला पाहून तो उठला आणि ती काही विचारायच्या आत म्हणाला,

"चूक माझी आहे, ताई. लिहून टाका."

"काय चूक?"

"डावीकडच्या पिना दगडात घट्ट बसवतात. उजवीकडच्या पिनांवर प्लॅस्टिकची नळी चढवायची असते. उन्हात दगड वाढतो, गारठ्यात आकसतो. नळी असली की तो पिनेवर सरकतो, कुणाला त्रास होत नाही. ती नळी मी विसरलो. दगडाला हलायला जागा राहिली नाही. तडकला."

त्याने एवढं नीट सांगितलं की कुणालाही पटावं. फक्त एक गोष्ट होती. सकाळी ताडपत्रीवर बसून तिने उजव्या काठाच्या भोकात करंगळीचं नख घातलं होतं आणि नखाला पांढरी प्लॅस्टिकची नळी लागली होती. नळी जागच्या जागी होती.

तिने ते बोलून दाखवलं नाही. "मी क्रेनची बास्केट मागवलीय. वर जाऊन भिंत बघते."

पिन्याचा चेहरा उतरला. "वर कशाला? मी कबूल केलंय ना. वर बघण्यासारखं काही नाही."

माणसं अपराध लपवतात हे तिने खूप पाहिलं होतं. नसलेला अपराध असा पदरात ओढून घेणारा पहिल्यांदाच पाहत होती. आणि पिशवीवर त्याने जो पाय ठेवला होता, तो त्याने सबंध बोलण्यात एकदाही हलवला नाही.

४

शिळा कोरल्या होत्या त्या पिन्याच्या थोरल्या बहिणीने. तिला सगळे अक्का म्हणत. तिचं कामाचं ठिकाण पलीकडच्याच रस्त्यावर होतं. पत्र्याचं छप्पर, दगडाची धूळ आणि मधोमध एक लांब टेबल. टेबलावर मातीचे नमुने मांडले होते. आधी मातीत करायचं, मग दगडात. बाळाचा नमुना अजून तिथेच होता. पाठीकडच्या बाजूला माती अंगठ्याने दाबत दाबत नेलेली, एका ठशावर दुसरा ठसा, माशाच्या खवल्यांसारखे.

"आई ठीक आहे ना?" अक्काने पहिलाच प्रश्न विचारला.

"आई?"

"वरची. राहिलेली."

"अजून बघायचीय."

अक्का हात पुसत राहिली. हात बारीक, मनगट एखाद्या शाळकरी मुलीचं असावं तसं. मागच्या फळीवर दोन डबे होते. फुटलेला दगड सांधायचा गोंद, दोन्ही डब्यांतलं मिसळायचं, त्यात दगडाचीच भुकटी घालून रंग जुळवायचा. एका जुन्या पुतळ्याचं तुटलेलं नाक तिने त्यानेच चिकटवून ठेवलं होतं.

"पिन्याला तुम्हीच वाढवलं म्हणे," टकटकबाई म्हणाली.

"आई लवकर गेली आमची. हा कडेवर होता. माझ्याच कडेवर." अक्काने मातीच्या बाळावरून ओलं फडकं फिरवलं. "आता मोठा झाला. बाळ कोरायला मला वर्षाच्या वर लागलं. ह्याने एका दिवसात वर चढवलं. मी म्हटलं, चढवताना मला नुसता हात लावू दे. तर सगळ्यांसमोर म्हणाला, अक्का, तू खाली थांब. खाली थांबले. उद्घाटनाला लोक म्हणत होते, बघा कसं अधांतरी तरंगतंय, कोणी धरलंय कळतच नाही. मग पिन्याला पुढे बोलावलं. त्याचे फोटो काढले."

"तुमचा नाही काढला?"

"काढला की. कडेला." ती हसली, पण डोळ्यांपर्यंत हसू गेलं नाही. "सहन होत नाही असं नाही. पण डोळ्यात खडा गेल्यासारखं होतं. तुम्हाला मूल आहे?"

"मुलगी."

"कोणाकडे असते?"

"आत्याकडे," टकटकबाई म्हणाली, आणि तिच्या आवाजात काय होतं कोण जाणे, अक्काने चटकन तिच्याकडे पाहिलं आणि पुढे काही विचारलं नाही.

बास्केट वर चढली. बाळाच्या रिकाम्या जागी मागची काँक्रीटची भिंत उघडी पडली होती. लोखंडी कान शाबूत, पिना सरळ. पण उजव्या काठाच्या बाजूला, वरून खाली, करड्या गोंदाचे गोळे भिंतीला चिकटलेले होते. काठापासून आत, साधारण कोपरापर्यंत हात जाईल तिथवरच. डाव्या बाजूला एकही नाही. आणि प्रत्येक गोळ्यावर दगडाची पातळ साल ओरबाडून निघालेली, जखमेवरची पट्टी ओढून काढावी तशी.

ती बराच वेळ बघत राहिली. मग बास्केट उजवीकडे सरकवायला सांगितली, आणि आईच्या शिळेवर टकटक केली. डाव्या काठाला टण. मध्ये टण. उजव्या काठाला हातोडी पडली आणि आवाज आला, ठप्प.

तिने खाली वाकून ओरडून सांगितलं, "दार बंद करा. खालून कोणालाही जाऊ देऊ नका."

५

दुपारी ती घरी पळाली. छोटीला दूध पाजायची वेळ, ती चुकवणं तिला अजून जमत नव्हतं. शिवाय खरं सांगायचं तर ती बघायला गेली होती, आपल्यावाचून पोर रडतंय का.

पोर रडत होतं. अंगभर घामोळं, मान लाल, केस चिकटलेले.

"सकाळपासून किरकिर चाललीय," वन्सं हवालदिल होऊन म्हणाल्या.

तिने स्वेटर काढला. हा तिने घातलेला नव्हता; तिने पहाटे झबल्याच्या आत लोकरीची बंडी चढवली होती.

"हा कोणी घातला?"

"मी. तू निघालीस तेव्हा केवढा गारठा होता. मला वाटलं, तू विसरलीस."

"मी आतून बंडी घातली होती ना वन्सं. झबलंसुद्धा जाड घातलंय."

"मला काय माहीत? तू सांगितलं असतंस तर."

"तुम्ही विचारलं असतंत तर."

दोघींनी मिळून पोरीला सोलून काढलं, एकीने एक बाही, दुसरीने दुसरी. बाहेर ऊन रणरणत होतं. हल्ली रोज असंच, सकाळी दात वाजायचे आणि दुपारी डोकं फुटायचं. उघडी झाल्यावर छोटी क्षणात हसायला लागली आणि दूध पीत पीत तिने आईच्या नाकात बोट घातलं.

तिला मांडीवर घेऊन टकटकबाई नुसती बसून राहिली. सकाळपासून ती एकच प्रश्न विचारत होती, दगड सैल कोणी केला. तो सैल कुणी केलाच नव्हता. कुणाच्याही काळजीत खोट नव्हती, काळजी फक्त दोनदा घातली गेली होती, एकीवर एक, न विचारता.

उठताना तिचं लक्ष कपाटाच्या काचेकडे गेलं. काचेवर छोट्या पाच बोटांचे ओलसर ठसे होते, एकाशेजारी एक. ठसे जरा उंचावर होते. रांगणाऱ्या मुलीचा हात पोचेल त्याहून बरेच वर.

पण आता थांबायला वेळ नव्हता. ते तिच्या डोक्यात तसंच राहिलं.

६

बैठक संध्याकाळची होती. तिने त्याआधीच चौघांना दालनात बोलावलं. ताडपत्रीवर बाळ होतं, खिंडारासकट.

"पद्धतीत चूक नाही," ती म्हणाली. "पिना चांगल्या, नळ्या जागेवर, मागे हवा. बाकीची सगळी भिंत मी वाजवून पाहिली, उत्तम आहे. हा दगड सुटा ठेवला होता. तो कोणीतरी मागून भिंतीला चिकटवला. डावीकडे घट्ट पिना, उजवीकडे गोंद. ऊन लागलं की दगड वाढणार, गारठ्यात आकसणार. दोन्ही टोकं जखडलेली. यंदाच्या हवेने रोज ताण दिला आणि तो पिनेच्या भोकापाशी तडकला. पडला तो जास्त धरल्यामुळे पडला."

कंत्राटदाराने मामाकडे बोट केलं. "मिठी मारून बसवायची सवय कोणाला आहे ते सगळ्यांना माहीत आहे."

"मामा माल ओततात. हे गोळे आहेत, हाताने दाबलेले," ती म्हणाली. "शेजारचा दगड बसवल्यावर मागे हात घालायला वाटच उरत नाही. म्हणजे हे त्याच दिवशी झालं, बाळाची शिळा वर गेल्यावर आणि आईची जायच्या आधी. त्या उघड्या काठाने हात आत घालून. फट तीन बोटांची. मामांचा पंजा त्यात जात नाही, सकाळी माझ्यासमोर सोलला. साहेबांचं तर विचारायलाच नको."

मामा हाताकडे बघत पुटपुटला, "तरी म्हटलं, बाई माझ्या हाताकडे का बघतायत."

"राहिलो मी," पिन्या म्हणाला. "मीच लावला गोंद. म्हटलं, जास्तीचा आधार."

"कुठे कुठे?"

"चारी कोपऱ्यांना."

"गोळे एकाच काठाला आहेत, पिन्या. तू लावले असतेस तर तुला ठाऊक असतं. तू दगड पडल्यावर आलास, एका तुकड्याची पाठ पाहिलीस, कोणाचं काम ते तुला कळलं आणि तू तो पिशवीत टाकलास."

पिन्याने पिशवी आणखी जवळ ओढली.

"असू दे," ती म्हणाली. "घाईचं दुसरंच आहे. आईची शिळासुद्धा उजव्या काठाला चिकटलेली आहे. आज ना उद्या तीही तडकेल. ती आत्ताच उतरवायला हवी. कोरीव दगड कुठे जाड, कुठे पातळ, त्यामुळे नुसत्या आवाजावर गोळे नेमके कुठे ते मला सांगता येत नाही. पिना काढल्यावर दगड एका बाजूने धरलेला आणि एका बाजूने सुटा असला, तर तो फिरेल. बास्केटमधल्या माणसावर फिरेल."

"मी जातो," पिन्या म्हणाला. "माझं काम आहे. बघतो अंदाजाने." आणि त्याने पिशवी उचलली.

"त्याला वर पाठवू नका."

अक्का दाराशी उभी होती. तिचा आवाज मोठा नव्हता.

"आईला पाच जागी आहे," ती म्हणाली. "वर दोन जवळ जवळ, मग खांद्यामागे, मग कोपराच्या जरा खाली, आणि एक अगदी तळाला. हात पोचला तिथवर. पिन्या, तू नको जाऊस असा."

पिन्याने पिशवीतून ताटाएवढा तुकडा काढला आणि ताडपत्रीवरच्या खिंडारात ठेवायच्या आधी पालथा केला. पाठीला करडा गोळा होता, कडेने अंगठ्याने दाबलेला, एका ठशावर दुसरा ठसा, माशाच्या खवल्यांसारखे.

"तू जेवायला उतरलास तेव्हा मी चढले," अक्का भावाला म्हणाली. "आणि संध्याकाळी पुन्हा, आई वर गेल्यावर. बाळाला चिकटवलं, मग आईला कसं सोडायचं."

मामाने डोक्यावरची टोपी काढली. "मी पाहिलं होतं तुला शिडीवर. वाटलं, नुसती बघायला गेली असेल."

"पडेल अशी भीती वाटली?" टकटकबाईने विचारलं.

"थोडी वाटली." अक्काने तुकड्याकडे पाहिलं. "खरं सांगू? पडेल ही भीती कमी होती. त्याच्या हाताने राहील, हीच जास्त होती. सगळे म्हणणार पिन्याने धरलंय. म्हणू देत. पण मला माहीत असावं, की आतून मीपण धरलंय." तिने ओठ आवळले. "ती बाबागाडी काल मी पाहिली. तेव्हापासून डोळे मिटले की चाक फिरतं."

"अहवालात तुमचं नाव लिहावं लागेल, अक्का."

"लिहा. त्याचं खोडा."

७

ऊन उतरणीला लागलं तेव्हा बास्केट वर गेली. आईच्या शिळेला रुंद पट्टे बांधून झाले, क्रेनने भार घेतला. पिन्या बास्केटमध्ये उभा होता. त्याने खाली पाहिलं. अक्का दाराच्या बाजूला, जिथे वर्षभरापूर्वी तिला थांबवलं होतं, जवळपास तिथेच उभी होती.

त्याने बास्केट खाली आणायला लावली.

"अक्का, ये," तो म्हणाला. "मला दिसत नाहीत ते. तुझ्या हाताला माहीत आहेत."

मामाने तिच्या डोक्यावर आपलं शिरस्त्राण चढवलं, ते तिच्या कानांपर्यंत आलं. "हसायचं नाही," तो दम दिल्यासारखा म्हणाला, आणि बहीण-भाऊ वर गेले. बाळाच्या मोकळ्या जागेतून पिन्याने आईच्या मागे दगड कापायची बारीक तार सरकवली. अक्का बोटाने जागा दाखवत होती, तो तार ओढत होता. एक गोळा सुटला, दुसरा सुटला. खालून सगळ्यांनी माना वर करून श्वास धरले होते, कंत्राटदारानेसुद्धा. शेवटचा सुटला तेव्हा शिळा पट्ट्यांत किंचित डोलली, झोपेतून कूस बदलावी तशी, आणि स्थिर झाली.

"लाव हात," पिन्या म्हणाला.

अक्काने आईच्या पुढे केलेल्या दगडी हातावर तळवा ठेवला. थोडा वेळ ठेवला. मग कुणी न सांगता तिनेच तो उचलला, आणि शिळा मोकळी खाली उतरली.

टकटकबाईने विश्वस्तांना जे सांगायचं ते सांगितलं. भिंत राहील, पिन्या राहील. दोन्ही शिळा दुरुस्त करायचं काम अक्काने करायचं की दुसऱ्या कुणी, ते विश्वस्तांनी ठरवावं. पिन्या म्हणाला, दुसऱ्या कुणी दुरुस्त केल्या तर त्या तो बसवणार नाही. मामा म्हणाला, मग मलाच बसवायला लागतील, मालात. त्यावर पहिल्यांदाच सगळे हसले.

घरी पोचली तेव्हा दिवे लागले होते. वन्सं जमिनीवर बसल्या होत्या, छोटी त्यांच्या पुढ्यात, अंगात फक्त एक पातळ झबलं. आईला बघून पोर कपाटाकडे रांगत गेलं, काचेवर हात टेकले, एक ढुंगण उचललं, मग दुसरं, आणि उभं राहिलं. एकदाही डळमळलं नाही. मान वळवून ऐटीत दोघींकडे पाहिलं.

"अगं बाई," वन्सं म्हणाल्या, "बघ, तू आलीस आणि उभी राहिली. पहिल्यांदाच."

तिने काचेकडे पाहिलं. दुपारचे ठसे तिथेच होते, आणि त्यांच्या शेजारी बरेच नवे, सगळे त्याच उंचीवर. कपाटाचा पडदा एका बाजूला ओढून त्यांच्यावर अर्धवट घेतलेला होता. काच पुसायचं वन्संना सुचलं नव्हतं, किंवा पोरीचे ठसे पुसायला त्यांचा हात धजला नव्हता.

सबंध दिवस जो खडा डोळ्यात होता तो जरा हलला. निघून गेला असं म्हणता यायचं नाही, पण हलला. किती वेळा उभी राहिली असेल, आणि किती वेळा ह्या बाईने टाळी वाजवायची ती गिळली असेल.

"हो," ती म्हणाली. "पहिल्यांदाच."

आणि ती वन्संच्या शेजारी जमिनीवर बसली, अगदी खेटून नाही, मध्ये थोडी हवा ठेवून. छोटीने काच सोडली. दोघींनी हात पुढे केले, आणि दोघींनीही तिला धरलं नाही.